कॉलेज रेडिओचा एक तास: गाणी शोधायची कुठून, ऐकवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या रेडिओवर आठवड्यातून एकदा रात्री ९ ते १० हा तास मिळाला आहे आणि गाणी आपल्या मनानं निवडायची मुभा आहे. पाच-सहा कार्यक्रमांतच जवळची आवडती गाणी वाजवून संपली. आता दर आठवड्याला नवीन कुठून आणायची? शिवाय ऐकणारे म्हणतात की एकेक गाणं छान असतं, पण तासभर बसवत नाही. तिथे काय चुकत असावं?

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. गाणी सुटी गोळा केली की ती सुटीच वाजतात. एका गाण्यातून दुसऱ्यापर्यंत तुम्ही कुठल्या वाटेनं पोचलात हे ठाऊक असेल, तर त्याच वाटेनं श्रोत्यालाही नेता येतं.

आधी शोधण्याचं. स्ट्रीमिंग ॲपच्या शिफारशी बऱ्याच अंशी ‘हे गाणं ऐकणारे आणखी काय ऐकतात’ या हिशेबावर चालतात. त्यातून ओळखीच्या गाण्याच्या आसपासचीच गाणी पुढ्यात येतात, आणि तीच तुमच्या श्रोत्यांच्या फोनवरही आलेली असतात. रेडिओवाल्याला त्यापेक्षा किती तरी पटीनं उपयोगी पडते ती अल्बमची श्रेयनामावली. गायकाचं नाव बाजूला ठेवा आणि बाकीची नावं वाचा: ड्रम कोणी वाजवले, ध्वनिमुद्रण कोणी केलं, निर्माता कोण, लेबल (अल्बम काढणारी कंपनी) कुठलं. यातलं एक नाव धरून पुढे जायचं. डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ या दोन संकेतस्थळांवर हे काम सोपं होतं, कारण तिथे एखाद्या वादकाच्या किंवा ध्वनिमुद्रकाच्या नावावर टिचकी मारली की त्याचं इतर काम समोर येतं.

एक वाट पूर्ण चालून दाखवतो. समजा, तुम्हाला बासरी आवडते. झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि यान गार्बारेक या चौघांचा एक अल्बम १९८७ साली ईसीएम या जर्मन लेबलवर आला. त्यातली तीन नावं आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतात, गार्बारेक हे चौथं नाव नवं असतं. ते नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक. त्यांचं नाव धरलं की पाकिस्तानचे उस्ताद फतेह अली खान यांच्याबरोबरचा १९९२ चा अल्बम सापडतो, म्हणजे ख्याल गायकी आणि सॅक्सोफोन. त्याच नावावरून आणखी एक पाऊल टाकलं की १९९४ चा अल्बम येतो. त्यात हिलियर्ड एन्साम्बलचे चार गायक युरोपातलं जुनं चर्चसंगीत गातात आणि त्यावर गार्बारेक वाजवतात. बासरीपासून निघालेला माणूस तीन पावलांत मध्ययुगीन समूहगायनापर्यंत पोचला, आणि मधलं एकही पाऊल ओढूनताणून टाकलेलं नाही. शिवाय हे सगळं एकाच लेबलवर आहे. ईसीएमची स्थापना १९६९ ची. त्याचे निर्माते मान्फ्रेड आयशर आणि त्यांच्या कितीतरी अल्बमचं ध्वनिमुद्रण करणारे ओस्लोचे यान एरिक कोंग्सहाउग ही आणखी दोन नावं लगेच हाती येतात.

वादकाचं नाव धरून गेलं की वाट वेगळीच निघते. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स या सोल संगीताच्या लेबलवर वेगवेगळ्या गायकांमागे बऱ्याचदा तीच मंडळी वाजवत असत: ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड ‘डक’ डन, ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर. यातल्या ड्रमरचं नाव पकडलं की ओटिस रेडिंग या गायकाकडून अल ग्रीन या गायकाकडे जाता येतं, म्हणजे लेबल बदललं तरी मागचा हात तोच. जॅझमध्ये हेच काम ध्वनिमुद्रकाचं नाव करतं. रूडी व्हॅन गेल्डर यांनी ब्लू नोट या लेबलसाठी ध्वनिमुद्रण केलं, तसंच प्रेस्टिज आणि इम्पल्ससाठीही केलं. तीन लेबलांमधून एकच कान फिरताना ऐकू येतो.

आठवड्याला अशी एकच वाट धरा. तीन-चार धरल्या की कुठलीच तळापर्यंत जात नाही आणि आठवड्याच्या शेवटी हाती नुसती यादी उरते. साधारण ३० ते ४० गाणी ऐकावीत, तेव्हा कार्यक्रमात घ्यावीशी ८-१० निघतात. बाकीची जागा तुमच्या जुन्या साठ्यातून भरा.

दुसरा मोठा खजिना केंद्रातच असतो, तो म्हणजे संगीतसंग्रह. अमेरिकेत एफएमचा ८८.१ ते ९१.९ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगर-व्यावसायिक केंद्रांसाठी राखीव आहे. तिथल्या कॉलेज रेडिओला जाहिरातदाराकडे बघून गाणी निवडावी लागली नाहीत, म्हणून नव्या बँडचे अल्बम आधी त्यांच्याकडे येत गेले. त्यातून एक फार चांगली पद्धत रुजली. अल्बम ऐकणारा विद्यार्थी वेष्टनावर पांढरी चिठ्ठी चिकटवतो. तीत दोन-तीन ओळींचं वर्णन, हा आवाज कुणासारखा वाटतो, कुठली तीन गाणी वाजवावीत आणि कुठल्या गाण्यात शिवी आहे, एवढं लिहिलेलं असतं. खाली पुढचे निवेदक आपापली भर घालतात. तुमच्या केंद्रात अशा चिठ्ठ्या असतील तर संग्रहात तासभर घालवा आणि सर्वांत जास्त हस्ताक्षरं असलेले अल्बम आधी काढा. ज्या चिठ्ठीवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय तो अल्बम तर नक्कीच ऐका. पद्धत नसेल तर सुरू करा. फायली असतील तर प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल पुरते.

चिठ्ठी लिहिताना पथ्य एकच: जे कानाला ऐकू येतं तेच लिहायचं. ‘भन्नाट ऊर्जा’ वाचून पुढच्याला काहीच कळत नाही. ‘दुसरं गाणं: १४ सेकंद नुसता बेस, मग दोन बायकांचे आवाज, मध्ये ठेका थांबतो, शेवट एकदम तुटतो’ असं लिहिलं की ते गाणं कुठे बसेल हे न ऐकताही समजतं.

प्रत्येक निवडलेलं गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा हातातलं सगळं बाजूला ठेवून, मध्ये न थांबवता. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. तिसऱ्यांदा फोनच्या स्पीकरवर किंवा छोट्या रेडिओसारख्या एकाच स्पीकरवर. तिसरं ऐकणं बरेच जण वगळतात आणि तिथेच फसतात. एफएमचा सिग्नल अशक्त झाला की रेडिओ स्टिरिओ सोडून मोनोकडे सरकतो. ज्या ध्वनिमुद्रणात डावा आणि उजवा आवाज एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, तिथे दोन्ही एकत्र आल्यावर ते एकमेकांना खाऊन टाकतात. हेडफोनवर अंगभर पसरलेला सिंथ किंवा गिटार रेडिओवर गायबच होते. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही, त्यामुळे ज्या गाण्याची सगळी मजा झांजांच्या बारीक चमचमाटात आहे तेही तिथे फिकं पडतं.

दुसऱ्या ऐकण्यात जे टिपायचं त्याचं कार्ड असं दिसतं:

कलाकार, गाणं, अल्बम, लेबल, वर्ष. लांबी ४:१२. इंट्रो ०:१४. ठेका मिनिटाला ९६. शेवट: फेड, ३:५८ पासून. शिव्या: नाहीत. ऐकण्याची खूण: १:५० ला बेस थांबतो आणि नुसता आवाज उरतो.

इंट्रो म्हणजे पहिला शब्द येईपर्यंतचा वेळ. तेवढ्या वेळात तुम्हाला बोलता येतं, त्यापुढे एक अक्षरही नाही. ठेका मोजायला १५ सेकंदांत पडणारे ठोके मोजून चारनं गुणा. शेवट दोन प्रकारचे: हळूहळू विरणारा, म्हणजे फेड, आणि एकदम थांबणारा, ज्याला कोल्ड म्हणतात. शेवटाची नोंद नसली की निवेदक गाफील राहतो, गाणं अचानक थांबतं आणि हवेत तीन-चार सेकंद शांतता पसरते. ‘ऐकण्याची खूण’ ही ओळ मात्र कधीच रिकामी ठेवू नका. ती भरता येत नसेल तर गाणं आवडलंय, पण का आवडलंय हे अजून कळलेलं नाही. मग त्या आठवड्यात ते वाजवू नका, पुन्हा ऐका.

आता तास रचण्याचं. ६० मिनिटांतलं एक मिनिट सुरुवातीची केंद्राची ओळख आणि पुढच्या निवेदकाकडे सोपवणं यात जातं. सव्वा-सव्वा मिनिटाची चार निवेदनं म्हणजे ५ मिनिटं. उरली ५४. सरासरी ४ मिनिटं धरली तर १३ गाणी बसतात. पंधरा-सोळा घेऊन गेलं की शेवटची तीन गडबडीत कापावी लागतात, आणि ती बहुधा तुम्ही मनापासून राखून ठेवलेली असतात. काही केंद्रांत संगीतप्रमुखानं निवडलेल्या नव्या अल्बमपैकी तासाला काही गाणी वाजवणं सक्तीचं असतं. ती आधी जागेवर बसवा आणि बाकीचा तास त्यांच्याभोवती रचा. शेवटी कोंबली तर ती उपरी वाटतात.

‘तासभर बसवत नाही’ या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण असं की सलग अनोळखी गाणी येतात. श्रोत्याला पाय टेकायला जागा लागते. चार-चार गाण्यांचा गट करा. पहिलं बऱ्याच जणांना माहीत असलेलं किंवा निदान ओळखीच्या आवाजाचं, दुसरं-तिसरं कमी ऐकलेलं, आणि मग या गटातलं सर्वांत अनवट. अनवट गाणं पहिलं टाकलं तर त्याचं कौतुक करायला श्रोता उरलेलाच नसतो.

दोन गाण्यांच्या सांध्यावर खरी मेहनत करा. साधा नियम असा: एक गोष्ट तीच ठेवायची, एक बदलायची. ठेका तोच, वाद्यं वेगळी. किंवा वाद्य तेच, पण देश आणि काळ वेगळा. सगळंच सारखं असेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत कान झोपतात. सगळंच बदललं तर धक्का बसतो आणि हात बटणाकडे जातो. ठेक्यातला फरक अगदी थोडा असेल तर तो मुद्दाम केलेला वाटत नाही, चुकल्यासारखा वाटतो. ९६ नंतर ९९ लागलं तर गाणं उगाच पुढे पळतंय असं वाटतं. अशा वेळी गाणी एकमेकांवर चढवू नका, मध्ये अर्धा सेकंद मोकळी जागा सोडा. ७२ नंतर १४४ मात्र सुंदर लागतं, कारण लय दुप्पट होते आणि पाय तोच ठेका धरून राहतो. स्वराचंही तेच. पहिल्या गाण्याचा फेड चालू असताना दुसऱ्याचा पहिला सूर त्याला खटकत असेल तर दोन्ही एकत्र ऐकवायचीच नाहीत. हे हेडफोनमध्ये घरीच तपासता येतं: पहिल्याचे शेवटचे २० सेकंद आणि दुसऱ्याचे पहिले २०. तेरा गाण्यांचे बारा सांधे, म्हणजे आठ मिनिटांचं काम.

आवाजाची पातळी हा पुढचा मुद्दा. १९६० च्या दशकातलं ध्वनिमुद्रण आणि आजचं गाणं शेजारी ठेवलं की आजचं अंगावर येतं. दोन्हींची शिखरं मीटरवर एकाच उंचीला दिसतात, पण नव्यात आवाज सतत वरच दाबून ठेवलेला असतो. म्हणून शिखर बघून पातळी जुळवू नका, एलयूएफएस हे जाणवणाऱ्या आवाजाचं माप वापरा. युरोपीय प्रसारणाचं आर १२८ हे मानक उणे २३ एलयूएफएस सांगतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा पर्याय आहे, त्यात हाच आकडा घालून सगळी गाणी एकदाच काढून ठेवता येतात. केंद्राचा ठरलेला आकडा वेगळा असेल तर तो घ्या. सगळी गाणी एका मापाची असणं महत्त्वाचं. फायली वॅव्ह किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारे प्रकार) असाव्यात, निदान ३२० केबीपीएसच्या एमपी३. प्रसारणाच्या वाटेवर, विशेषतः इंटरनेट स्ट्रीमसाठी, आवाज पुन्हा आकुंचित होतो. आधीच १२८ ची फाइल असेल तर टाळ्या आणि झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या ऐकू येतात. व्हिडिओवरून ओढून घेतलेली गाणी तर वापरूच नका. आवाजही खराब, हक्कांचाही प्रश्न.

फार हळू संगीत लावताना एक जागा अडचणीची आहे. अनेक केंद्रांत शांतता ओळखणारी यंत्रणा असते. आवाज ठरावीक पातळीखाली ठरावीक सेकंद राहिला की ती कार्यक्रम बंद पडला असं समजून राखीव संगीत सुरू करते. आलापाची सुरुवात किंवा वर सांगितलेलं समूहगायन यात अडकू शकतं. ती मर्यादा किती आहे हे तंत्रज्ञाला आधीच विचारा, आणि तसं गाणं असेल तर त्याच्या सुरुवातीच्या भागाचा आवाज थोडा वाढवून ठेवा.

निवेदनावर येऊ. माइक तोंडापासून १०-१५ सेंटिमीटरवर आणि थोडा तिरका ठेवा, म्हणजे प, फ, भ यांची फुंकर थेट आत जात नाही. एफएममध्ये प्रसारणापूर्वी वरच्या कंप्रता वाढवतात आणि रेडिओत त्या पुन्हा कमी होतात. त्यामुळे स आणि श जोरात पडले की लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारं यंत्र) त्यांना दाबतो आणि ते फाटल्यासारखे ऐकू येतात. माइक थोडा बाजूला वळवला की यातलं बरंच सुधारतं. बोलणं सुरू करण्याआधी संगीत पूर्ण खाली येऊ द्या, बोलून झाल्यावर आधी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर आणि मग माइक बंद.

काय बोलायचं? बहुतेक जण इथे कलाकाराचं चरित्र वाचतात किंवा ‘अप्रतिम’, ‘मनाला भिडणारं’ असे शब्द वापरतात. श्रोत्याला त्यातून ऐकायला काहीच मिळत नाही. त्याऐवजी कार्डावरची ऐकण्याची खूण द्या, गाणं लागण्याआधी. गार्बारेक आणि हिलियर्ड एन्साम्बलच्या अल्बमसाठी निवेदन असं होऊ शकतं:

“आता चार गायक आणि एकच वाद्य, सॅक्सोफोन. गायक गातायत ते शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं, आणि सॅक्सोफोन त्यावर जागच्या जागी सुचेल ते वाजवतोय. ध्वनिमुद्रण ऑस्ट्रियातल्या एका मठात झालंय. स्वर सोडल्यावर तो विरायला किती वेळ लागतो, तेवढंच ऐका.”

वीस-पंचवीस सेकंद. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त काम करतं, कारण ते श्रोत्याच्या हाती करायला काहीतरी देतं. गाणं संपल्यावर नाव आणि कलाकार सावकाश सांगा. एका दमात तीनपेक्षा जास्त गाण्यांची नावं सांगू नका, पाच सांगितली तर पहिल्या दोनांची नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. मधूनच रेडिओ लावलेला श्रोता नेहमीच असतो, म्हणून ‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द टाळा. परक्या नावांचे उच्चार आधी मुलाखतीतून ऐकून कार्डावर देवनागरीत लिहून ठेवा.

तास वेळेत संपवण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. शेवटी शब्द नसलेला एक तुकडा ठेवा. तो ५ मिनिटं २० सेकंदांचा असेल आणि ९:५९:४० ला संपायला हवा असेल, तर बरोबर ९:५४:२० ला फेडर पूर्ण खाली ठेवून तो सुरू करा. तुमचं चालू गाणं आणि निरोप आटोपला की फेडर वर घ्या. मधून सुरू झालं तरी खटकत नाही, आणि शेवट मात्र ठरल्या क्षणी, पूर्ण होऊन येतो. गायलेलं गाणं इथे चालत नाही, मधल्याच ओळीवर फेडर वर गेला की ते लगेच कळतं.

नोंदवहीत प्रत्येक गाण्याचा कलाकार, शीर्षक, अल्बम, लेबल आणि वेळ लिहा, गाणं वाजत असतानाच. रॉयल्टीचा हिशेब त्यावरून होतो. रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन हक्क वेगळे असतात, आणि प्रसारणाच्या परवान्यात इंटरनेटवरचं प्रसारण किंवा मागून ऐकण्याची सोय आपोआप येत नाही. अमेरिकेत इंटरनेट प्रसारणाच्या वैधानिक परवान्याखाली तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त आणि एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी वाजवता येत नाहीत. एकाच कलाकारावर पूर्ण तास करायचा विचार असेल तर तुमच्या देशातला आणि केंद्राचा नियम आधी केंद्रप्रमुखाकडून समजून घ्या.

ही यादी कार्यक्रमानंतर लगेच श्रोत्यांसाठीही टाका, आणि प्रत्येक गाण्यापुढे ऐकण्याची खूण लिहा. नुसत्या नावांची यादी लोक चाळून सोडून देतात, पण ‘१:५० ला बेस थांबतो’ असं लिहिलं की ते गाणं लावून बघावंसं वाटतं. कुणी ‘हे आवडलं, मग हेही ऐका’ म्हणून काही कळवलं तर ते ऐका, आणि वाजवलंत तर कळवणाऱ्याला त्याची वेळ आधी सांगा. पुढची वाट बऱ्याचदा तिथूनच मिळते. नवोदित बँडनं गाणं पाठवलं तर हो किंवा नाही, पण आठवड्याभरात उत्तर द्या.

आणि दर आठवड्याला आपल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दोन दिवसांनी ऐका, त्याच दिवशी नको. गाणी पुढे सरकवा. फक्त सांधे आणि निवेदनं ऐका, सगळं मिळून पंधरा मिनिटं होतात. जिथे तुमचंच लक्ष उडालं ती वेळ लिहा. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की त्या वेळा एकाच जागी जमलेल्या दिसतात. कुणाचं दुसरं निवेदन लांबतं, कुणाचा चाळिसाव्या मिनिटानंतर ठेका सतत मंदच राहतो. पुढच्या कार्यक्रमात फक्त ती एक जागा बदला.